अंगठा कुठं दिला होता?

सप्टेंबर २०२४ मध्ये चंदगड तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून रुजू झाले. बी.ए. झालेली, म्हणून विद्यावेतन महिना १०,००० रुपये. (बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,०००.) दोन महिने गेले, पैसे नाहीत. शेजारच्या टेबलावरच्या पोराचे मात्र आले. मी रोज लिपिकासमोर उभी, "भाऊसाहेब, माझंच का अडवलंय?" ते म्हणायचे, "ताई, आमच्याकडनं हजेरी गेलीय." एकदा तर मी त्यांना चारचौघांत खोटारडे म्हटलं. त्याची लाज अजून जात नाही.

शेवटी पासबुक घेऊन बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी संगणकात बघितलं. "तुमचं आधार दुसऱ्याच बँकेला जोडलंय." तेव्हा आठवलं, वर्षभरापूर्वी बेळगावात सिमकार्ड घेताना दुकानदार म्हणाला होता, "अजून एकदा अंगठा ठेवा." त्या दुसऱ्या अंगठ्यानं एका पेमेंट बँकेत माझं खातं उघडलं होतं. वीस हजार तिथं मुकाट पडून होते, आणि मी घरी आईकडून एसटीला पैसे मागत होते!

गोम अशी आहे की हा पैसा थेट लाभाचा, म्हणजे डीबीटीचा. तो आधार क्रमांकाच्या मागं जातो, आणि डीबीटीसाठी आधार ज्या बँकेला सगळ्यात शेवटी जोडलं, तिथंच उतरतो. अर्जाला पासबुकाची झेरॉक्स कुठलीही लावा. बँकेत आधारची प्रत देणं वेगळं, डीबीटीसाठी जोडून घेणं वेगळं. त्याचा संमतीचा फॉर्म स्वतंत्र भरावा लागतो. रुजू व्हायच्या आधी 'माय आधार'च्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघून घ्या. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. फक्त ओटीपी येतो तो मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा.

दुसरी ठेच सुगीत लागली. भाताची कापणी, मळणी, घरात माणसं कमी. मी अकरा दिवस गेले नाही. मनात हिशोब असा, की रोजंदारीसारखे अकरा दिवसांचे कापतील. तसं नसतं. महिन्यात दहा दिवस गैरहजेरी भरली की त्या महिन्याचं विद्यावेतनच नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयात हे छापलेलं आहे. मी रकमेचा तक्ता वाचून कागद मिटला होता. तेव्हापासून शाळेच्या वहीत रोजची हजेरी लिहायला लागले, आणि महिनाअखेर ती ऑनलाइन भरलेल्या हजेरीशी ताडून बघायचे, भाऊसाहेबांच्या शेजारी बसून. राग त्यांनी धरला नाही, एवढं खरं.

प्रशिक्षणाची मुदत सहा महिन्यांची होती, तिचे पुढं अकरा झाले, तेव्हा कायम होणार अशी हवा कार्यालयात उठली. त्या हवेवर आमच्यातल्या एकानं हप्त्यावर दुचाकी उचलली. प्रशिक्षणानंतर नोकरीची हमी त्या कागदात कुठंच नव्हती. अकरा महिने संपले, हप्ते राहिले.

परवा हलकर्णीकडची एक मुलगी विचारायला घरी आली, अर्ज भरू का म्हणून. फाईल नीट लावलेली, पासबुकाच्या तीन झेरॉक्स. मी विचारलं, "सिम कुठनं घेतलंस?"