मूल्यशिक्षण पाठ : "बाई, माझं पण नाव लिहा"



डिसेंबर आला की आपण परिपाठात नाताळची माहिती सांगतो, मुलांकडून कागदाच्या चांदण्या करून घेतो. त्यासोबत बायबलमधला दानाचा एक प्रसंगही घ्यावा, असं मी सुचवेन. चौथी-पाचवीच्या मुलांना तो लगेच कळतो. मला मात्र कळायला उशीर झाला.

प्रसंग इ. स. ५५ च्या आसपासचा. यरुशलेममधले ख्रिस्ती लोक हलाखीत होते. त्याच्या काही वर्षं आधी, रोमन बादशहा क्लौद्य याच्या काळात दुष्काळ पडला, तेव्हा अंत्युखियाच्या मंडळीने तिकडच्या लोकांना मदत पाठवली होती. (मंडळी म्हणजे इथे ख्रिस्ती भाविकांचा समुदाय. हे आधी सांगा, नाहीतर पोरं 'घरची मंडळी' समजतात.) आता पौल नावाचा प्रेषित गावोगावच्या मंडळ्यांकडून यरुशलेमसाठी पुन्हा वर्गणी गोळा करत होता. देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी यरुशलेम डोळ्यांनी पाहिलंही नसेल.

करिंथ हे दोन बंदरांचं, व्यापाराचं शहर. तिथल्या मंडळीने वर्षभरापूर्वी मोठ्या उत्साहात होकार दिला होता आणि मग काम रेंगाळलं होतं. (आपल्याकडच्या वर्गण्या आठवल्या ना?) उत्तरेला मासेदोनिया प्रांत. फिलिप्पै, थेस्सलनीका ही तिथली गावं. तिथले ख्रिस्ती लोक स्वतःच संकटात, त्यात कमालीचे गरीब. त्यांच्याकडून पौलाने फारशी अपेक्षाच धरली नव्हती. पण त्यांनी ऐपतीपेक्षा जास्त दिलं आणि वर पौलाला विनवण्या केल्या, की आम्हालाही यात वाटा घेऊ द्या. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात पौल हे सांगतो.

इथे थांबा आणि वर्गाला विचारा, विनवणी कोणी करायची असते? मागणाऱ्याने की देणाऱ्याने?

आता माझी चूक सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. आमच्याकडे मराठवाड्यात त्याच वेळी पावसाचा पत्ता नव्हता. शाळेत पूरग्रस्तांसाठी धान्य गोळा करायचं ठरलं. यादी करताना मी एका मुलीचं नाव मुद्दाम गाळलं. आई-वडील रोजंदारीवर, त्यात हाताला काम नाही. तिला बाजूला घेऊन म्हटलं, "तू नको आणूस गं बाळा." मला वाटलं, आपण तिला सांभाळून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत टेबलापाशी आली. फडक्यात बांधलेली दोन मुठी ज्वारी पुढे ठेवली आणि म्हणाली, "बाई, आईनं दिलीय. माझं पण नाव लिहा की."

मी नाव लिहिलं. पण तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. पौलानेही मासेदोनियाच्या लोकांना 'तुम्ही राहू द्या' म्हटलं असतं, तर त्याने माझ्यासारखंच केलं असतं.

मात्र हा पाठ घेताना एक काळजी घ्या. गरिबाने पोटाला चिमटा काढून द्यावं, अशी सक्ती यातून निघत नाही. पौल स्पष्ट लिहितो, की मी हुकूम करत नाही. इच्छा असेल तर माणसाजवळ जे आहे त्यावरून दान मोजलं जातं, जे नाही त्यावरून नाही. दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ओझं, हेही त्याला नको होतं. आज तुमच्याकडचं जास्तीचं त्यांच्या उपयोगी पडेल, उद्या त्यांचं तुमच्या. कुरकुरत किंवा दडपणाखाली देऊ नका, हे पुढच्या अध्यायात आहे. मार्काच्या शुभवर्तमानातली विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिने सगळ्यांपेक्षा जास्त दिलं असं येशू म्हणतो, कारण श्रीमंतांनी उरलेल्यातून टाकलं आणि तिने होतं नव्हतं ते टाकलं. पण त्याच्या लगेच आधी, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर तो कडक शब्दांत बोलतो. तो भाग आपण सहसा सांगतच नाही.

म्हणूनच फळ्यावर मुलांच्या नावापुढे रक्कम लिहायची पद्धत मला अजिबात पटत नाही. ज्याचे वडील पाचशे देतात तो ताठ बसतो आणि पाच रुपयेवाला मान खाली घालतो. वर्गात झाकणाला फट पाडलेला एक डबा ठेवा. ज्याला जमेल तेव्हा, जमेल तेवढं टाकू दे. पौलानेही करिंथकरांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीप्रमाणे थोडं थोडं बाजूला ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे तो आल्यावर धावपळ नको. हिशोबात मात्र त्याने ढिलाई ठेवली नाही. कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून तीतासोबत आणखी दोघांना पाठवलं. डबा उघडताना तुम्हीही दोन मुलांना मोजायला बसवा आणि एकूण आकडा वर्गाला सांगा.

गोष्ट संपली की मुलं हमखास विचारतात, "मग करिंथवाल्यांनी दिलं का शेवटी?" दिलं. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल मासेदोनियासोबत अखया प्रांताचंही नाव घेतो आणि करिंथ अखयातलंच. कोणी किती दिलं, ते मात्र त्याने लिहिलेलं नाही.