नव्या टाकीतील पहिले सहा आठवडे

हौसेने आणलेली मत्स्यपेटी दिवाणखान्यात मांडली जाते. तळाशी वाळू, कोपऱ्यात दोन-चार जलवनस्पती, मागच्या काचेवर निळा कागद अशी सजावट होते आणि त्याच सायंकाळी दहा-बारा मासे तीत सोडले जातात. पहिले तीन-चार दिवस सारे उत्तम चालते. मग एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो, दुसरा पर मिटून तळाशी बसून राहतो, आणि पंधरवडा सरतो न सरतो तोच निम्मी टाकी रिकामी होते. विक्रेत्याने रोगट मासे दिले, अशी घरच्या मंडळींची खात्री होते. पाणी स्फटिकासारखे निवळ दिसत असल्यामुळे त्याच्याविषयी कोणालाही संशय येत नाही. वस्तुतः दोष बहुतेक वेळा त्या निवळ पाण्यातच असतो.

माशाच्या शरीरातील नत्रयुक्त मळ मुख्यतः अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो, आणि तोही विष्ठेवाटे फारसा नव्हे, तर कल्ल्यांवाटे. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. टाकीत त्याला जाण्यास वाट नसते. न खाल्लेले अन्न आणि कुजलेली पाने यांच्यापासूनही तोच तयार होतो. त्यास रंग नाही. आणि माशाला मारण्याइतका झाला तरी त्याचा वास माणसाच्या नाकाला येतोच असे नाही. त्याने कल्ले भाजल्यासारखे होतात, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

अमोनियाची विषारी शक्ती पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. आम्लधर्मी पाण्यात त्याचा बहुतेक भाग निरुपद्रवी म्हणता येईल अशा अमोनियम रूपात राहतो. सामू ७ वरून ८ वर गेला, की विषारी रूपाचे प्रमाण सुमारे दहापट होते. तापमान वाढले तरीही ते वाढतेच. विंधणविहिरीचे कठीण, अल्कधर्मी पाणी आणि वैशाखातला उष्मा हे दोन्ही एकत्र आले, तर जेवढा अमोनिया अन्यत्र सोसला गेला असता, तेवढाच येथे घातक ठरतो.

मग जुन्या टाकीतले मासे वर्षानुवर्षे जगतात ते कसे? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास बराच काळ गेला. लंडनमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका भांड्यात दोन सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही जलवनस्पती आणि काही गोगलगाई एकत्र ठेवून पाणी न बदलता त्यांना जगविले, आणि १८५० साली तो वृत्तान्त केमिकल सोसायटीपुढे मांडला. वनस्पती प्राणवायू पुरवते आणि कुजणारी पाने गोगलगाई खातात, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ते खरे होते, पण अपुरे होते. न दिसणारा भागीदार राहूनच गेला होता. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास असे दाखवून दिले की, काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करून त्यावर निर्वाह करतात, आणि निराळ्या जातीचे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट बनवितात. गोड्या पाण्याच्या मत्स्यपेटीत हे दुसरे काम नायट्रोबॅक्टर करतो, असे पुस्तकांतून पुढे अनेक दशके छापले गेले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून ते नायट्रोस्पायरा या गटाचे जीवाणू करतात असे आढळले. हौशी माणसाला या नावांशी कर्तव्य नाही. हे जीवाणू वाळूच्या कणांवर, गाळणीच्या स्पंजावर, काचेवर चिकटून राहतात आणि अतिशय सावकाश वाढतात, एवढे त्याने लक्षात ठेवले की पुरे.

नव्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतातच. त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. आरंभी अमोनिया चढतो. तो खाणारे जीवाणू वाढले की तो उतरू लागतो, परंतु त्याच वेळी नायट्राइट चढू लागते. हे दुसरे विषही कमी नाही. ते रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते आणि त्याचा तांबडा रंग तपकिरी होतो. पहिल्या आठवड्यातून वाचलेले मासे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अकस्मात मरतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य असते. वनस्पती त्याचा काही भाग शोषून घेतात, उरलेले पाणी बदलताना निघून जाते.

यावरून उपाय उघड होतो. मासे आणण्यापूर्वी टाकी पिकू द्यावी. गाळणी आणि हवेचा पंप चालू ठेवून रिकाम्या टाकीत रोज माशांच्या अन्नाची चिमूट टाकावी. ती कुजून अमोनिया होतो आणि जीवाणूंना खाद्य मिळते. परिचिताच्या जुन्या, निरोगी टाकीतील वापरलेला स्पंज किंवा मूठभर वाळू मिळाली, तर विरजण लावल्याप्रमाणे काम लवकर होते. विरजण मात्र ओलेच आणले पाहिजे. वाळलेल्या स्पंजाचा काही उपयोग नाही. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याची थेंबांची द्रावणे दुकानात मिळतात. दोन्हींची मोजमापे शून्यावर आली आणि नायट्रेट दिसू लागले, म्हणजे टाकी तयार झाली. तरीही एका वेळी तीन-चारच मासे सोडावे, कारण जीवाणूंची संख्या त्यांना मिळणाऱ्या खाद्याच्या मानानेच राहते.

टाकी फार लहान नसावी. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशा टाकीत वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी राहते, आणि नवशिक्यास ती योग्य. पाच लिटरांच्या गोल काचभांड्यात तोच मळ नऊपट दाट होतो. अशा भांड्यात सोनमासा ठेवण्याची रीत सर्वत्र दिसते. ती सुंदर दिसते खरी, पण माशावर तो निव्वळ जुलूम आहे. सोनमासा मोठा होतो, पुष्कळ मळ टाकतो आणि त्यास थंड पाणी मानवते. आरंभासाठी झीब्रा डॅनिओ हा चपळ, पट्टेदार मासा अधिक सोशिक आहे. तो आपल्याच देशातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. डासांच्या निर्मूलनासाठी नगरपालिका विहिरींत सोडतात तो गप्पीही काटक आहे, मात्र त्याची प्रजा भराभर वाढते याची तयारी हवी.

नळाच्या पाण्यात रोगजंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते, आणि ते कल्ल्यांना व उपयुक्त जीवाणूंना सारखेच मारक असते. उघड्या बादलीत एक दिवस पाणी ठेवले असता ते उडून जाते. जेथे क्लोरामाइन वापरतात, तेथे मात्र नुसते ठेवून भागत नाही. पाण्यावर प्रक्रिया करणारे औषध घालावे लागते.

मासे घातलेल्या टाकीतच अमोनिया चढलेला आढळला, तर प्रथम अन्न बंद करावे. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस सहज उपाशी राहतो. रोज पाव ते तृतीयांश पाणी काढून तितकेच, त्याच तापमानाचे, क्लोरीन घालविलेले पाणी भरावे. नायट्राइट वाढले असल्यास पाणी बदलण्याबरोबर दर लिटरला सुमारे एक ग्रॅम साधे मीठ विरघळवून घातल्याने ते कल्ल्यांतून आत शिरण्यास अटकाव होतो. नाजूक वनस्पतींना मात्र ते सोसेलच असे नाही. घाबरून सारी टाकी रिकामी करणे आणि वाळू व गाळणी नळाखाली खळखळून धुणे हा सर्वांत वाईट उपाय होय. त्यायोगे महिनाभर जमलेली जीवाणूंची वस्ती धुऊन जाते आणि सारे पहिल्यापासून सुरू होते. स्पंज तुंबला असेल, तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळावा.

या जीवाणूंना प्राणवायू लागतो, ही गोष्ट वीज जाते त्या वेळी विसरली जाते. पंप काही तास बंद पडला की बंदिस्त गाळणीच्या आतील प्राणवायू संपू लागतो, जीवाणू मरू लागतात आणि साचलेले पाणी नासते. वीज आल्यावर तेच पाणी टाकीत सुटू नये म्हणून गाळणीतील पाणी आधी ओतून द्यावे, स्पंज टाकीच्या पाण्यात हलवून घ्यावा आणि मगच पंप चालू करावा. वीज दीर्घकाळ गेली असेल, तर तांब्याने टाकीतले पाणी उचलून वरून पुन्हा त्याच टाकीत ओतत राहिल्याने माशांना तात्पुरता प्राणवायू मिळतो. त्या दिवशी अन्न देऊ नये. दुसऱ्या दिवशी अमोनियाची तपासणी करून मगच नेहमीचा आहार सुरू करावा.