इनेची होडी आणि ‘वेळ मिळाल्यास’

तुमच्या जपान टूरच्या पत्रकात क्योतोहून ‘आमानोहाशिदाते आणि इने’ असा एक दिवस ऑप्शनल म्हणून छापला असेल, तर जादा पैसे भरायच्या आधी हे वाचा. आमचे गेले, तुमचे तरी वाचू देत.

पत्रकातला इनेचा फोटो पाण्यावरून काढलेला होता. खालच्या मजल्यात समुद्र शिरलेला, तिथेच होडी, वर खोल्या, अशी लाकडी घरं. त्यांना फुनाया म्हणतात. जेमतेम पाच किलोमीटरच्या काठावर ती सुमारे २३० आहेत. खाडीच्या तोंडाशी आओशिमा बेट आडवं आलंय आणि भरती-ओहोटीत पाणी फारसं चढत-उतरत नाही, म्हणून हे जमतं. माझं माहेर मुरुडचं. तिथे असं घर बांधलं तर पहिल्या उधाणालाच सामान गोळा करत फिरावं लागेल. ही घरं बघायची तर होडीतूनच, म्हणून मी आधी विचारून घेतलं होतं. ‘हो काकू, सगळं इन्क्लूडेड,’ हा मेसेज अजून फोनमध्ये आहे.

सकाळ सगळी आमानोहाशिदातेला गेली. साडेतीन किलोमीटरची वाळूची पट्टी, तिच्यावर पाइनची झाडं. ओणवं होऊन पायांमधून बघितलं की ती आभाळात चढल्यासारखी दिसते. सुंदर आहे, नाही कशाला म्हणू? पण आधी ग्रुप ओणवा, मग जोडीजोडीने ओणवा, मग खरेदी. टूर लीडर घड्याळाकडे बघेना. जेवणात ‘व्हेज’ म्हणून आलेलं मिसो सूप सासूबाई अर्धं प्यायल्या, तेव्हा कळलं की ते माशाच्या पाण्यातलं. ‘काकू, मासा दिसतोय का त्यात?’ हे त्याचं उत्तर.

नंतर इनेला पोचल्यावर बस खाली गावात उतरायच्या ऐवजी टेकडी चढायला लागली. वरच्या थांब्यावर पार्किंग, दुकान, स्वच्छतागृह. ‘इथून व्ह्यू बेस्ट आहे, वीस मिनिटं!’ खाली खाडी, काठाला छपरांची कड, आणि सीगल मागे लागलेली ती होडी बोटभर दिसत होती. मी विचारलं, तर एका हातातलं आइस्क्रीम सांभाळत त्याने पत्रक उघडलं आणि तळाच्या ओळीवर नख टेकवलं: ‘नौकाविहार वेळ मिळाल्यास’. वर आमच्यातलेच एक काका म्हणाले, ‘जाऊ द्या हो, बघितलं ना!’ अशा काकांच्या जिवावरच या कंपन्या चालतात.

तेव्हा होडीचं तिकीट धरलंय हे तारखेसह लेखी घ्या आणि इने आधी, आमानोहाशिदाते नंतर असा क्रम मागा. होडीची फेरी अर्ध्या तासाच्या आतली असते, पण ती संध्याकाळी लवकर बंद होते. खरं तर स्वतःच जा. क्योतोहून हाशिदाते एक्स्प्रेस दोन तासांत पोचवते. मात्र फुकुचियामाच्या पुढचा मार्ग क्योतो तांगो रेल्वेचा, त्यामुळे देशभरच्या जेआर पासवर तेवढ्याचे वेगळे पैसे पडतात. पुढे इनेला बसने तासभर. बस कमी आहेत, उतरल्या उतरल्या परतीच्या वेळापत्रकाचा फोटो काढा. फुनाया ही लोकांची राहती घरं आहेत, दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावू नका. शाकाहारी असाल तर डबा न्या. रोख पैसे ठेवा, बूट चांगले घाला, वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

होडीच्या तिकिटाचे पैसे मी परत मागितलेत. ‘काकू, पुढच्या टूरमध्ये डिस्काउंट देऊ,’ म्हणतात. मी पुन्हा मेल टाकलाय, या वेळी पत्रक आणि तो मेसेज जोडून.