एक ध्वनिमुद्रिका आणि घटती उपयोगिता

प्रथम वर्षाला अर्थशास्त्राच्या तासाला आम्ही घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकलो. भुकेल्या माणसाला पहिले उकडलेले रताळे अमृतासारखे लागते, दुसरे बरे लागते, पाचवे नकोसे होते. (पुस्तकात सफरचंद होते; पण आमच्या बेळगुंदीच्या शिवारात सफरचंद कुठले?) तेव्हाच शंका आली होती की, मग गाण्याचे काय? तिचे उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडले, म्हणून हा लेखनप्रपंच.

दिल्लीच्या 'ब्लडीवूड' या बँडची 'रक्षक' ही पहिली ध्वनिमुद्रिका १८ फेब्रुवारी २०२२ रोजी निघाली. तीत दहा गाणी आहेत आणि कोणा मोठ्या कंपनीच्या आधारावाचून बँडने ती स्वतःच प्रसिद्ध केली. वकिली सोडून संगीतात आलेला करण कटियार गिटार व बासरी वाजवतो, जयंत भदुला हिंदी-पंजाबीत गातो आणि राऊल कर इंग्रजीत रॅप करतो. खालच्या पट्टीत लावलेली, आवाज मुद्दाम फाडलेली गिटार आणि तिच्यावर आरोळी व रॅप, अशा संगीताला 'न्यू मेटल' म्हणतात. अमेरिकेतील 'कॉर्न' या बँडच्या १९९४ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेपासून हा प्रकार रुजला असे मानतात. तिच्यातही एका गाण्यात बॅगपाइप वाजतोच. तेव्हा ब्लडीवूडने ढोल-बासरी घेतली म्हणून काही अधर्म झाला असे नाही.

ही ध्वनिमुद्रिका मी ओळखीच्या काही जणांना ऐकवली व त्यांचे अभिप्राय वहीत टिपून ठेवले. माझा पहिल्या दिवशीचा अभिप्राय असा: "आरडाओरडा फार. तीन गाणी बरी."

बाबा गावच्या भजनात मृदंग वाजवतात. ते म्हणाले, "ढोलवाला तेवढा ठेव, बाकीच्यांना गप्प बसव." पंधरा दिवस घरात तेच वाजत होते. मग एका संध्याकाळी त्यांनीच हाक मारली, "अरे, ते सगळे एकदम थांबतात बघ, ती जागा परत लाव." मी शंभरदा ऐकूनही ती जागा माझ्या कानाला लागली नव्हती.

मेटल कोळून प्यालेल्या एका वर्गमित्राने नाक मुरडले. 'लिंकिन पार्क'ने २००० सालीच हे करून ठेवले आहे, असे त्याचे म्हणणे. शिवाय 'रक्षक'मधील काही गाणी २०१९ पासून एकेक करून बाहेर आलेली होती, म्हणजे याच्या ताटात पाचवेच रताळे पडले! उलट २०१९ मध्ये जर्मनीतील वाकेनच्या महोत्सवात या बँडसमोर उभ्या राहिलेल्या श्रोत्यांना ढोल नवा होता. आपल्याकडे ढोल-ताशा गणपतीत गल्लीगल्लीतून घुमतो. आपल्याला नवी आहे ती आरोळी.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहिला तो अभिप्राय. माझा एक मित्र याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. गेल्या वर्षी त्याचे दोन विषय राहिले आणि तो कोणाशी धड बोलेनासा झाला. 'रक्षक' त्याला मुळीच आवडली नव्हती. एकदा बसमध्ये माझ्या हेडफोनवर त्याने 'जी वीरे' ऐकले. खचलेल्या मनाला धीर देणारे ते गाणे आहे. शीर्षकाचा अर्थ त्याने विचारला. मी म्हणालो, "जग, भावा." ती भाषा ना त्याची, ना माझी. तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "इन्नोम्मे हच्चो." मी पुन्हा लावले. बेळगाव येईपर्यंत तेच एक गाणे चालले होते. उतरताना तो त्या राहिलेल्या विषयांबद्दल आपण होऊन बोलला. गिटार मात्र त्याला आजही आवडत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात ही शंका आधीच हाताळली आहे, हे मला नंतर कळले. चांगले संगीत ऐकावे तशी त्याची गोडी वाढते, हे ते मान्य करतात. पण त्यामुळे सिद्धांत मोडत नाही, असे सांगतात. सिद्धांताने माणूस तोच धरलेला असतो. इथे मध्ये काळ जातो आणि ऐकणारा पहिला राहत नाही. म्हणून वहीतला माझा पहिला अभिप्राय मी खोडलेला नाही. तो ज्याने लिहिला त्याच्यापुरता खराच होता.

परवा बाबांनी विचारले, "त्या ढोलवाल्यांचे पुढे काही निघाले काय रे?" निघाले आहे, २०२५ मध्ये 'नू दिल्ली'. अजून लावलेले नाही. वहीत पान मोकळे ठेवले आहे.