स्नायूंचे बळ आणि परीक्षकांची दृष्टी

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, डायमंड हार्बर रोडच्या दोन्ही अंगांना बेहाला ही जुनी वस्ती पसरली आहे. अशा वस्तीतील एखादी मुलगी आज वजने उचलू लागली, तर ती काही परदेशी खूळ घेऊन आली असे मानण्याचे कारण नाही. बंगालमध्ये या गोष्टीला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सरलादेवी घोषाल यांनी तरुणांसाठी आखाडा काढला आणि वीराष्टमीचा उत्सव सुरू केला. विष्णुचरण घोष यांनी 1923 मध्ये कलकत्त्यात व्यायामशिक्षणाची संस्था स्थापन केली. त्यांची शिष्या रेबा रक्षित ही 1950 नंतरच्या दशकात छातीवर फळी ठेवून तिच्यावरून हत्ती चालवून घेण्याच्या प्रयोगामुळे प्रसिद्ध झाली.

त्याच सुमारास हमीदा बानू ही उत्तर प्रदेशातील स्त्री पुरुष मल्लांना आव्हान देत देशभर फिरत होती. मे 1954 मध्ये बडोद्याला तिने बाबा पहिलवानास 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केले. परंतु महाराष्ट्रात ठरलेली तिची एक कुस्ती स्थानिक कुस्ती संघाच्या विरोधामुळे रद्द करावी लागली. बलवान स्त्रीचे कौतुक करणारा समाज तिच्या बळाला मर्यादाही घालू पाहतो, हे यावरून दिसते.

शरीरशास्त्र याबाबत काय सांगते? स्त्री व पुरुष यांच्या स्नायुतंतूंच्या गुणात फारसा फरक नसतो. समान जाडीचा स्नायू जवळपास समान जोर लावतो. फरक आहे तो मुख्यतः स्नायूंच्या एकूण प्रमाणाचा. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रीच्या शरीरात पुरुषाच्या मानाने फारच अल्प असते. तथापि नियमित व्यायामाने तिचे बळ चांगलेच वाढते व हाडेही भक्कम होतात.

मग अडचण कोठे उद्भवते? ती व्यायामात नसून स्पर्धेच्या स्वरूपात आहे. स्त्रियांची 'मिस ऑलिंपिया' ही स्पर्धा 1980 मध्ये अमेरिकेत सुरू झाली. 1983 मध्ये ऑस्ट्रेलियाची जगज्जेती पॉवरलिफ्टर बेव्ह फ्रान्सिस अशाच एका स्पर्धेत उतरली. तिच्याइतके स्नायू तेथे कोणाचेच नव्हते; तरीही तिला आठवा क्रमांक मिळाला. परीक्षकांपुढील प्रश्न स्नायूंचा नव्हताच. स्त्रीने किती स्नायू धारण करावेत, हा होता. पुढील वर्षांत मापदंड बदलले, आणि 1991 मध्ये मिस ऑलिंपियात ती दुसरी आली. पण 2004 च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय संघाने स्त्रियांना स्नायूंचे प्रमाण 20 टक्क्यांनी घटविण्याची सूचना केली. 2014 नंतर तर ही स्पर्धाच काही वर्षे बंद पडली. 2020 मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

ज्या खेळाचे माप असे सरकत राहते, त्यात खेळाडूच्या मनावर व देहावर भार पडणारच. स्पर्धेपूर्वी अनेक आठवडे आहार घटवून त्वचेखालची चरबी उतरवली जाते. शरीराला पुरेशी ऊर्जा न मिळाल्यास मासिक पाळी थांबते, आणि ही अवस्था लांबल्यास हाडे ठिसूळ होऊ लागतात. अखेरच्या दिवसांत पाणी तोडणे किंवा लघवी वाढविणारी औषधे घेणे याहून धोक्याचे: क्षारांचे संतुलन बिघडून हृदयाची गती विस्कळीत होऊ शकते. संप्रेरकसदृश औषधांनी स्नायू वाढतात खरे. पण त्यांच्यामुळे घोगरा झालेला आवाज औषध सोडल्यानंतरही बहुधा पूर्ववत होत नाही. विशेष हे की, मंचावर जो देह सर्वांत बलिष्ठ भासतो, तो त्या क्षणी उपासाने व तहानेने पुष्कळ दुबळा झालेला असतो.

याच्या तुलनेसाठी भारोत्तोलनाकडे पाहावे. 2000 साली सिडनीला स्त्रियांचे भारोत्तोलन प्रथमच ऑलिंपिकमध्ये आले. तेथे कर्णम मल्लेश्वरीने एकूण 240 किलो वजन उचलून कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिचा देह कसा दिसतो, हे तेथे कोणी विचारले नाही. वजन उचलले गेले की नाही, एवढाच प्रश्न होता. तेथेही वजनगट आहेत, औषधांचा मोह आहे. पण पोलादाच्या दांडीचे माप कोणाच्या आवडीनुसार बदलत नाही.

म्हणून शरीरसौष्ठव त्याज्य ठरते असे नव्हे. मात्र बेहालाची असो वा कोल्हापूरची, व्यायामशाळेचा उंबरठा ओलांडणाऱ्या मुलीस हा भेद प्रथमच समजावून दिला पाहिजे. कमावलेले बळ तिचे स्वतःचे असते. गुण मात्र दुसऱ्याच्या हाती असतात.