मोरीतून पाणी उलटं येतं तेव्हा

प्रश्न : आम्ही नाशिकच्या सराफ बाजाराजवळ तळमजल्यावर राहतो. जोराच्या पावसात मोरीतून पाणी वर येतं. काय करावं?

उत्तर : गोदेचा पूर पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं त्यावरून कळतो, ऑगस्ट २०१९ मध्ये ही मूर्ती बुडाली होती. गंगापूर धरणाच्या विसर्गाचा इशाराही मिळतो. नाल्याचं पाणी मात्र सांगून येत नाही. गटार तुंबलं की ते मोरीवाटे घरात शिरतं. म्हणून मोरीच्या आणि संडासाच्या तोंडावर वाळूची पिशवी घट्ट दाबून ठेवा. पाणी उंबऱ्याला लागण्याआधी, कोरड्या हातांनी मेन स्विच बंद करा. सिलिंडरचा रेग्युलेटर काढा. कागदपत्रं, धान्य माळ्यावर टाका. पाणी ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय फ्रिज लावू नका. भिजलेलं पीठ फेकून द्या, पाणी उकळून प्या. अडकलात तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ फिरवा.