पदवी कोण देणार, आणि कांदा कोण चिरणार?

चाकणजवळच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनचं किचन मी सांभाळतो. अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन हवंच, असं 1948 च्या कारखाने कायद्याने ठरवलं होतं. त्यामुळे पिंपरी-भोसरीपासून महाळुंग्यापर्यंत जिथे मोठी शेड, तिथे भटारखाना. साहजिकच हॉटेलात जीव रमला नाही किंवा तिथे घेतलं नाही, की कलिनरीची पोरं आमच्या दारात येतात. त्यांचं सर्टिफिकेट मी वाचतोच, पण कॉलेजची खरी परीक्षा होते ती पोरांनी उलथनं हातात धरल्यावर.

एकदा एकाला दुपारच्या पाळीचा पुलाव सांगितला, सहाशे जणांचा. कडक इस्त्रीचा शेफ कोट, बोलणं चटपटीत. त्याने मोबाइलवर चार जणांची रेसिपी काढली आणि सरळ दीडशेने गुणली. तांदळाचा हिशोब तसा ठीक होता. पण पाणीही दीडशेपट आणि हिरवी मिरचीही दीडशेपट! मोठ्या डेगेत वाफ त्या मानाने कमी उडते. एवढं पाणी घातलं असतं तर पुलावाचं खिमट झालं असतं, आणि मिरचीने अख्खी पाळी पाण्याच्या टाकीवर गेली असती. पाणी पडायच्या आत त्याला थांबवलं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, आमच्याकडे वीस जणांत एक हंडी असायची. शेफ करून दाखवायचे, आम्ही जर्नल लिहायचो." चांगल्या संस्थांत पहिल्या वर्षी बेसिक किचन असतं आणि नंतर क्वांटिटी किचन, ते याचसाठी. याच्या नशिबी दुसरं आलंच नव्हतं.

हे ताजं असतानाच आमच्या घरात तोच विषय निघाला. पुतण्याला कलिनरी आर्ट्सची डिग्री करायची होती आणि दादाने एका खासगी अकॅडमीत पहिला हप्ता भरूनही टाकला होता. मी बघायला गेलो. कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर काचेचं किचन, भिंतीवर परदेशी शेफचे फोटो, आणि कोपऱ्यात कॉम्बी ओव्हन, त्याच्या दारावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. काउन्सेलर मॅडमना विचारलं, डिग्री कुणाची? "युनिव्हर्सिटीचीच, सर. डिस्टन्समधून. प्रॅक्टिकल सगळं इथेच." हे ऐकून दादा निश्चिंत, मी नाही. खरा खुलासा झाला शैक्षणिक कर्जाच्या वेळी. बँकेच्या साहेबांनी कोर्सच्या मान्यतेचं पत्र मागितलं आणि अकॅडमीकडून रंगीत ब्रोशरच पुन्हा आलं.

पदवी द्यायचा अधिकार 1956 च्या यूजीसी कायद्याने विद्यापीठांना आणि कायद्याने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. अकॅडमी कितीही झकपक असो, ती पदवी देऊ शकत नाही. आणि यूजीसीच्या 2020 च्या नियमावलीत हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग टेक्नॉलॉजी आणि पाककला हे विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायला मनाई आहे. म्हणजे "डिस्टन्समधून" हा शब्द कानावर पडला की उठायचं, चहासुद्धा घ्यायचा नाही. डिप्लोमा असेल तर तो डिप्लोमा म्हणून सांगा आणि तेवढीच फी घ्या. त्याला माझी हरकत नाही, उत्तम डिप्लोमावाले माझ्याकडे आहेत. बीएचएमसीटी या हॉटेल मॅनेजमेंटच्या चार वर्षांच्या पदवीसाठी राज्याची सीईटी असते, हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेच्या संस्थांसाठी एनसीएचएम जेईई. त्या प्रवेशयादीत कॉलेजचं नाव शोधायला पाच मिनिटं पुरतात. आणि दहावीनंतर लवकर हाताला काम हवं असेल, तर आयटीआयचा एक वर्षाचा फूड प्रॉडक्शनचा ट्रेड आहे. त्याला नाक मुरडू नका.

मान्यता असली म्हणजे झालं, असंही नाही. ओपन डेला जाऊच नका. त्या दिवशी केक असतो. साध्या मंगळवारी, प्रॅक्टिकल चालू असताना जा आणि इंडेंट बघायला मागा, म्हणजे त्या दिवशी स्टोअरमधून काय काय निघालं त्याचा कागद. तीस पोरांच्या बॅचला दोन कोंबड्या निघाल्या असतील, तर सुरी कुणाच्या हातात होती ते न विचारता कळतं. मग भांडी घासायची जागा बघा. ती कोरडी ठणठणीत असेल तर किचन फक्त दाखवायला आहे. माल आणि गॅसचा खर्च फीत धरलाय की दर सत्राला वेगळा मागणार, हे लेखी घ्या. सुऱ्यांचा किट आणि युनिफॉर्मचंही तसंच. गेटबाहेरच्या टपरीवर शेवटच्या वर्षाची पोरं सापडतात. त्यांना विचारा, इंडस्ट्रियल ट्रेनिंग कुठे केलं आणि तिथे किती दिवस किचनमध्ये होतात, किती दिवस बँक्वेटच्या खुर्च्या लावत होतात.

प्लेसमेंटच्या भिंतीवर पंचतारांकित हॉटेलांचे लोगो असतात. तिथे मुलगा कुठल्या पदावर लागला ते विचारा. बहुतेक उत्तर 'कॉमी थ्री' असतं, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. त्यात कमीपणा नाही, सगळे तिथूनच चढतात. पण ब्रोशरमध्ये त्यालाच 'शेफ' छापलं असेल तर बाकीचे दावेही त्याच मापाने मोजा. ज्या 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, त्याच साली दादरचं केटरिंग कॉलेज सुरू झालं. स्वयंपाक कॉलेजात शिकायची आपल्याकडची परंपरा एवढी जुनी आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काचेला भुलायची गरज नाही.

दादाचा हप्ता काही सुटला नाही. पावती अकॅडमीच्याही नावाची नव्हती, कुठल्या तरी 'एज्युकेशनल सर्व्हिसेस'च्या नावाची होती. पुतण्या आता सीईटी देऊन रीतसर कॉलेजात आहे आणि ट्रेनिंगसाठी माझ्याच कॅन्टीनवर डोळा ठेवून आहे. मी नाही म्हणून सांगितलंय. काकाच्या भटारखान्यात त्याला कढया घासायला लावायची कुणाची हिंमत होणार?